गाडीतली बाहुली, गाडीवरची बाहुली

अलंकरणावर बोलायचं म्हटलं की आपण लेणी, पैठणी, वाड्यांचे दरवाजे असलं काहीतरी काढतो. आज आम्ही घेतलीय बाहुली आणि गाडी यांची जोडी. खराडीत ती दोन प्रकारांनी दिसते. खेळण्यांच्या दुकानात गुलाबी, बिनटपाची गाडी आणि तिच्यात बसलेली गोरी बाहुली. बाहेर रस्त्यावर पाण्याचा टँकर, डंपर, टेम्पो आणि त्यांच्या बंपरला लटकलेली काळी बाहुली. पहिलीला सगळे डिझाइन म्हणतात, दुसरीला कोणी म्हणत नाही. आमच्या मते डिझाइन म्हणून दुसरी जास्त पक्की आहे. आणि तिच्यातला दोषही तितकाच पक्का आहे.

आपल्याकडे डिझाइनचा कायदा आहे, २००० सालचा. त्यात आकार, नक्षी, अलंकरण, रेषा-रंगांची मांडणी हे सगळं येतं. मात्र तयार वस्तूत ते फक्त डोळ्यांना भावलं पाहिजे, डोळ्यांनीच जोखलं गेलं पाहिजे. यंत्र म्हणून वस्तू कशी चालते, ते त्यात धरत नाहीत. आता हा निकष गुलाबी गाडीला लावून बघा. बार्बी १९५९ साली बाजारात आली आणि १९६२ साली तिला ऑस्टिन-हीली ही दोन आसनांची उघडी गाडी मिळाली. उघडी का? रुबाब आहेच, पण मुलीचा हात आत जायला नको का? टप असतं तर बाहुली बसवायची कशी? म्हणजे या खेळण्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हाताला कळते. डोळ्यांसाठी उरतो गुलाबी रंग.

काळ्या बाहुलीचं तर गिऱ्हाईकच नजर! काळं कापड, आत चिंध्या किंवा कापूस, लोकरीचे केस, पांढरे डोळे, बाहेर काढलेली लाल जीभ. मोजून तीन रंग, पण धुळीतही लांबून दिसतात. दोऱ्याला टांगलेली असल्यामुळे ती गाडीबरोबर हलते, आणि हलणाऱ्या वस्तूकडे डोळा आधी जातो. नव्या गाडीवर पडणारी नजर आपल्यावर ओढून घ्यायची, एवढंच तिचं काम. दृष्ट लागते की नाही हा वाद बाजूला ठेवू. सजावटीनं काय करायचं हे इतकं स्पष्ट ठरलेली वस्तू क्वचितच सापडते.

बाळाच्या गालावरची तीटही हेच करते. पण तीट म्हणजे देखण्या चेहऱ्यावरचा एक ठिपका. बाहुलीत अख्खं माणूसच कुरूप ठरवलंय, आणि कुरूप म्हणजे काळं! हे आपल्याकडे यावं याचं नवल वाटतं. आपला विठोबा काळा, चंद्रकळा काळी, मंगळसूत्राचे मणी काळे; संक्रांतीला तर काळं हौसेनं नेसतात. काळा रंग आपल्याला सरसकट वर्ज्य नव्हता. इथे तो कातडीवर आला, त्याला केस-डोळे लावले आणि गाडीच्या बाहेर टांगला. गोरी मात्र आत, सीटवर.

अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं मुलांसमोर फक्त रंगात फरक असलेल्या बाहुल्या ठेवल्या आणि 'चांगली' कोणती ते विचारलं. बऱ्याच कृष्णवर्णीय मुलांनीही गोरीकडे बोट दाखवलं. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात या कामाचा आधार घेतला गेला. आपल्याकडे स्कूलव्हॅनमधून जाणाऱ्या मुलीला दोन्ही बाहुल्या रोज दिसतात. एक घरी, एक पुढच्या टँकरवर. विचारायलाही कोणी लागत नाही.

यावर 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मग लिंबू-मिरचीचं काय करायचं? तीही नजरेसाठीच, तीही लटकते, पिवळ्या-हिरव्यात छान उठून दिसते, आणि तिला कातडी नाही. ज्यांना गाडीला काही बांधायचंच आहे त्यांना एक लिंबू नि सात मिरच्या पुरतात. दर शनिवारी बदलायच्या, एवढाच काय तो जास्तीचा खर्च.