भार कुठल्या पायावर?

आपल्या नियतकालिकांत चित्राशिल्पावर फारसं कुणी लिहीत नाही. कवितांचा, आत्मकथनांचा पाऊस पडतो. पण आपलं अंग दगडात, सिमेंटात, कागदावर कोण कसं उतरवतंय, याची झडती कुणी घेत नाही. मी घेतो.

कलाशाळेत हालचाल शिकायची तर माणूस आधी थांबवावा लागतो. चौथऱ्यावर बसवलेला मॉडेल बहुधा कष्टकरीच. दिवसभर अंग हलवून पोट भरणाऱ्याला इथं न हलण्याचे पैसे मिळतात! फ्रान्सच्या रोदँला ही अडचण कळली होती. त्याचं म्हणणं असं, की कॅमेरा चालत्या माणसाला जागच्या जागी गोठवतो. शिल्पकारानं एका स्थितीतून दुसरीत जाणं दाखवावं. पाय मागच्या क्षणातले, खांदे पुढच्या. मला हे पटतं. पण जाणारा कुठं चाललाय आणि त्याला जाऊ देतात का, हे त्यात कुठंच येत नाही.

गणपतराव म्हात्र्यांचं ‘मंदिरपथगामिनी’ घ्या. १८९६ सालचं, जे. जे. स्कूलमधलं. नऊवारीतली तरुणी देवळाकडे निघालीय. लुगड्याच्या चुण्यांवरून आतलं पाऊल कळतं. कसब नाकारायचं कारण नाही. पण त्या पावलात कसलीच शंका नाही. रस्ता तिचा, देऊळ तिचं. पुढं २ मार्च १९३० ला नाशकात आमची माणसं काळारामाकडे निघाली, तेव्हा दारं बंद होती. तीही मंदिरपथगामीच की! पण धक्का बसणार हे माहीत असलेला माणूस वेगळा चालतो. गुडघा किंचित वाकलेला, खांदा पुढं, टाच टेकायला बिचकणारी. हे चालणं प्रस्थापितांच्या कलाशाळेत कोण शिकवणार?

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरींचं ‘श्रमाचा विजय’ १९५९ पासून उभं आहे. चार मजूर भला मोठा धोंडा हलवताहेत. लोक पीळदार अंगं बघून खूश होतात. मला नेमकं तिथंच खटकतं. ज्यानं पहार मारलीय त्याला विचारा. सगळं अंग एकदम ताणलं तर गडी तासाभरात आडवा होईल. कसलेला गडी जोर राखून ठेवतो, पहारीवर अंगाचं वजन सोडतो, हात नुसते धरायला. ही कामचोरी नव्हे, अक्कल आहे. दंड-मांड्या मोजणारा श्रम हा बाहेरून बघणाऱ्याचा श्रम.

रामकिंकर बैज वेगळा. बांकुड्याच्या गरीब न्हाव्याच्या घरचा. १९३८ साली त्यानं शांतिनिकेतनात सिमेंट आणि मुरमाच्या खड्यांतून संथाळ कुटुंब उभं केलं. बाप्याच्या खांद्यावर कावड, एका टोपलीत पोर, बाईच्या डोक्यावर बोजा, सोबत कुत्रं. बिऱ्हाड निघालंय. पिळदारपणाचं प्रदर्शन नाही, पण भार आहे. माझी आई डोंगरातून मोळी आणायची. चुंबळीवर मोळी चढली की मान गोठते. हाक मारली तर ती मान वळवत नसे, अख्खी वळे. वरचं अंग खांबासारखं, सारी हालचाल कमरेखाली, पावलं आखूड नि जलद. रामकिंकर संथाळ नव्हता, हे मान्य. पण त्याला हे दिसलं होतं. १९५६ च्या ‘मिल कॉल’मध्ये तर भोंगा ऐकून बाया पळताहेत, कापड वाऱ्यावर, मागं पोर. उशीर झाला तर खाडा पडेल, हे त्या पळण्यातच आहे.

आता घरचं बोलू. संसदेच्या आवारातला बाबासाहेबांचा ब्राँझचा पुतळा बी. व्ही. वाघांचा, १९६७ चा. त्यातलं रोखलेलं बोट गावोगाव पोचलं. बोट पोचलं, बाकी अंग वाटेत राहिलं. वस्तीवस्तीतल्या सिमेंटच्या पुतळ्यांवर निळा कोट खुंटीला टांगल्यासारखा. पाय जोडीनं चौथऱ्यात रुतलेले. अरे, हात उचलला की खांदा चढतो, वजन एका पायावर जातं, दुसरी टाच हलकी होते. कोटाच्या घडीत ते दिसायला नको? कार्यकर्ते म्हणतात, भक्तीनं केलंय, बोलू नको. भक्तीनं? १९४९ साली घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल काय बजावलं होतं, ते वाचा एकदा. रात्री पुतळा फोडायला येणाऱ्याला मात्र त्या बोटाची हालचाल बरोबर दिसते. म्हणून तर तो आधी हात तोडतो.

आणि एक काम कुणीतरी अंगावर घ्यावं. २० मार्च १९२७, महाड. तळ्याशी उतरणं, वाकणं, ओंजळ भरणं, पिणं, परत ताठ होणं. शिल्पात यातला एकच क्षण येईल. मी पाणी ओठाला लागायच्या आधीचा घेईन. वजन पुढच्या पायावर, मागची टाच सुटलेली, बोटांच्या फटीतून पाणी गळतंय, मागं माणसं दाटलेली. कुणी काढलंत तर पाठवा. जाड रेघेनं काढा, स्टेन्सिलवर बारीक रेघ उमटत नाही.