तबेल्यातला संसार

दिवाळीच्या अंकात नजरकैदेतल्या माणसांचे पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर सरळ आहे. दिवाळी हा घराचा सण, आणि मिने ओकुबो ह्या चित्रकर्तीचे ‘सिटिझन १३६६०’ हे पुस्तक घराविषयीच आहे. घर काढून घेतले म्हणजे माणसाचे नेमके काय जाते आणि काय उरते, ह्याचा इतका साधा आणि चोख हिशेब मी दुसरीकडे वाचलेला नाही.

हकिकत थोडक्यात सांगते. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी एका हुकुमावर सही केली आणि त्याच्या आधारे जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतली दोन-तृतीयांश माणसे जन्माने अमेरिकन नागरिक होती. आरोप नाही, खटला नाही. ओकुबोबाई कॅलिफोर्नियातच १९१२ साली जन्मलेल्या. त्यांना आणि त्यांच्या भावाला बांधाबांधीसाठी तीन दिवस मिळाले, आणि आडनावाच्या जागी एक आकडा मिळाला, १३६६०. नागरिक हा शब्द आणि त्याला चिकटवलेला कैद्याचा आकडा, ह्यात पुस्तकाची सगळी फिर्याद आली. पुढे बाईंनी ती पुन्हा मोठ्याने मांडलेली नाही.

त्यांची पहिली छावणी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅनफोरान ह्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर होती. भावंडांच्या वाट्याला आला घोड्याचा ठाण, २० फूट लांब आणि ९ फूट रुंद. भिंतींना चुना फासलेला, पण घाईघाईने; कोळिष्टके, घोड्याचे केस आणि गवताच्या काड्या चुन्याखाली तशाच चिकटून राहिलेल्या. गाद्यांच्या खोळींत पेंढा आपणच भरावयाचा. मधल्या भिंती छपरापर्यंत पोचत नसल्यामुळे शेजाऱ्याचे घोरणे, भांडणे आणि तान्ह्याचे रडणे सर्वांच्या मालकीचे. काही महिन्यांनी ही सगळी वस्ती यूटा राज्यातल्या टोपाझच्या वाळवंटात हलवली गेली. तिथे घोडे नव्हते, पण धूळ होती.

छावणीत कॅमेऱ्याला बंदी होती, म्हणून बाईंनी चित्रे काढली. पुस्तकात अशी सुमारे २०० चित्रे आहेत आणि प्रत्येकाखाली चार-सहा ओळी. ह्या ओळी शाळा तपासनिसाच्या शेऱ्यासारख्या कोरड्या आहेत. रांगा किती, खोल्या कशा, हजेरी केव्हा. पण मजकुरावरून नजर वर चित्राकडे न्यावी, तो तिथे वेगळेच काही चाललेले असते. मजकूर सांगतो की शौचकूपांना दारे नव्हती; चित्रात बायका फळ्या आणि पडदे आडवे धरून आपली लाज राखण्याची खटपट करताना दिसतात. मजकूर सरकारी कारभाराचा आहे, चित्र माणसांचे आहे. ह्या दोहोंच्या फटीत वाचकाला आपोआप जागा मिळते, आणि तिथे तो एकदा उभा राहिला की त्याला सुटका नाही.

हे पुस्तक मी सातवीच्या मुलींना दाखवले. पाने उलटता उलटता एकीने विचारले, “बाई, ह्यांचं स्वयंपाकघर कुठंय?” मोठमोठ्या समीक्षकांना सुचू नये असा तो प्रश्न होता. कारण स्वयंपाकघर ह्या पुस्तकात कुठेच नाही. जेवण सार्वजनिक खानावळीत, ताटली हातात घेऊन रांगेत. बाई नोंदवतात की मुले आपापल्या सोबत्यांकडे पळत, जो तो वाटेल तिथे बसून भराभर गिळत असे आणि आयांचा मुलांवर धाक उरला नव्हता. काटेरी तारेने कुटुंबाला आत कोंडले हे खरे, पण कुटुंब मोडले ते पंगत गेल्यामुळे. हे कळायला चित्रकर्तीची नजर लागते, तशी गृहिणीचीही लागते.

ह्या पुस्तकात संताप नाही, असा आक्षेप घेता येईल. एप्रिल १९४३ मध्ये टोपाझला पहारेकऱ्याच्या गोळीने एक वयस्क गृहस्थ कुंपणाच्या आत मारला गेला. त्याची बोळवण दोन-तीन वाक्यांत होते. कादंबरीकाराने तिथे एक प्रकरण खर्ची घातले असते. मीही घातले असते. पण पुस्तक निघाले १९४६ साली, आणि वाचणार कोण? ज्यांनी ही माणसे जाताना मुकाट्याने पाहिली तेच शेजारी. आरडाओरडा ऐकून त्यांनी दारे लावून घेतली असती. बाईंनी त्यांना चित्रे दाखवली, हसवलेसुद्धा, आणि उंबऱ्याच्या आत आल्या. ह्या संयमाला मी भित्रेपणा म्हणणार नाही.

उणीव आहे ती वेगळी. बरोबरच्या भावाच्या मनात काय चालले होते, ह्याचा पत्ता लागत नाही. टोपाझच्या भागात कुठे कुठे नुसती यादी होते. बाई सगळ्यांकडे पाहतात, पण स्वतःच्या आत पाहू देत नाहीत. मात्र वाळवंटात सापडलेल्या इवल्या शिंपल्यांचे दागिने करणाऱ्या, जगणार नाहीत अशी झाडे लावणाऱ्या माणसांची चित्रे आली की ही तक्रार मागे पडते. घर करण्याची खोड माणसाला किती खोलवर जडलेली असते, हे तिथे दिसते.

१९८१ मध्ये चौकशी आयोगापुढे साक्ष देताना बाईंनी हेच पुस्तक पुढे ठेवले. १९८८ च्या कायद्याने अमेरिकेने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देऊ केले. परक्या देशाची गोष्ट म्हणून आपण निश्चिंत राहू नये. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याच सरकारने चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले होते. त्यांतली कित्येक आसामात आणि बंगालात जन्मलेली होती. काहींना बाहेर पडायला वर्षे लागली. त्यांच्याही घरी स्वयंपाकघर होतेच.

म्हणून म्हणते, सुटीत हे पुस्तक मुलांच्या हाती द्या. बाईंनी जवळजवळ प्रत्येक चित्रात कुठेतरी कोपऱ्यात स्वतःला उभे केले आहे. त्या कुठे आहेत ते शोधायला सांगा. मुलांना तो खेळ वाटेल. दहा-बारा पानांनंतर तो खेळ राहणार नाही.