लार्सन यांचे ‘क्रेफिशची शिकार’

कार्ल लार्सन यांच्या १८९९ सालच्या ‘घर’ या स्वीडिश संग्रहात क्रेफिश पकडण्याच्या सहलीचे एक जलरंगचित्र आहे. खेकड्याच्या नांग्या व कोळंबीचे अंग असा हा गोड्या पाण्यातला जीव मूळचा काळपट. मीठ नि फुलावर आलेली शेपू घातलेल्या उकळत्या पाण्यात पडला की लालभडक होतो. तो लाल रंग चित्रकाराने मेजावर अचूक उतरविला आहे. केवळ सुखी संसाराचा देखावा म्हणून पुष्कळजण हे चित्र बाजूस सारतात, ते आम्हांस पटत नाही. १९०७ साली स्वीडनमध्ये रोगाची साथ शिरली आणि जलाशयांमागून जलाशय या देशी जातीस मुकले. १९६० च्या सुमारास पर्याय म्हणून आणलेली अमेरिकन जात तर तोच रोग अंगी बाळगणारी! आज ऑगस्टच्या मेजवानीत बहुधा परकी क्रेफिशच वाढली जाते. लार्सन यांच्या ताटात मात्र देशी आहे.