पाठ केलेली कहाणी

बोरिस लोज्किन दिग्दर्शित 'सुलेमानची कहाणी' (२०२४) या फ्रेंच चित्रपटात आम्हांस प्रथम जाणवली ती सायकलची गती. गिनीहून पॅरिसला आलेला सुलेमान दुसऱ्याच्या नावावरील खाते वापरून घरोघर जेवणाची पार्सले पोहोचवतो, रात्रनिवाऱ्याची बस गाठण्यासाठी धावतो आणि या धावपळीतच एक कहाणी पाठ करतो. दोन दिवसांनी आश्रयासाठी त्याची सरकारी मुलाखत आहे. विरोधी पक्षाचे काम, अटक, तुरुंग अशी ती कहाणी त्याने एका देशबांधवाकडून पैसे मोजून घेतली आहे.

तो लबाड आहे काय? आश्रय मागणाऱ्याजवळ बहुधा कागद नसतात. त्याचे सांगणे हाच पुरावा. तारखा जुळाव्यात, क्रम चुकू नये. फ्रान्सच्या २०१५ च्या कायद्याने जलद प्रक्रियेतील अर्जाचा निकाल १५ दिवसांत आणि त्यावरील अपिलाचा, एकाच न्यायाधीशापुढे, पाच आठवड्यांत लागावा असे ठरविले. २०१८ च्या दुरुस्तीनंतर, देशात आल्यावर सबळ कारणाविना ९० दिवसांत अर्ज न करणाराही या रांगेत ढकलला जाऊ शकतो. भीतीने ज्याचे तोंड उघडले नाही, त्यालाच सर्वांत कमी अवधी! ब्रिटनमध्ये तर कोठडीत ठेवलेल्या अर्जदारांस अपिलासाठी कामकाजाचे दोनच दिवस मिळत. २०१५ साली तेथील अपील न्यायालयाने ती नियमावली अन्यायकारक ठरविली.

ही कलमे चित्रपटात येत नाहीत. येते ती घड्याळापुढे बसलेल्या माणसाच्या जिभेची अवस्था. अखेरच्या प्रदीर्घ मुलाखतीत पाठांतर ढासळते आणि आजारी आईची ओबडधोबड, खरी हकीकत बाहेर पडते. पापनिवेदन ऐकताना आम्ही हे पुष्कळदा अनुभवले आहे: माणूस आधी पाठ केलेले म्हणतो, खरे ते उठता उठता. आबू सांगारे या नवख्या नटाचा हा प्रसंग अविस्मरणीय आहे. तोही गिनीचाच, चित्रीकरणाच्या वेळी त्याच्याजवळ वास्तव्याचा परवाना नव्हता, तो २०२५ साली मिळाला.

एक तक्रार मात्र नोंदवितो. नीना मरीसने रंगविलेली अधिकारी स्त्री फारच धीराची आहे. तिच्या जागी फायली उरकण्याची घाई असलेला कोणी असता, तर ही हकीकत ओठांपर्यंत आली असती काय? शिवाय आईचा आजार १९५१ च्या निर्वासित करारातील निर्वासिताच्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे खोटे पकडले जाते आणि खरे अपुरे पडते. निकाल काय लागला, हे चित्रपट सांगत नाही.