ख्रिस्ती मंडळ्यांचीं दप्तरें व कुलवृत्तलेखन

आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याचा प्रघात पडून बराच काळ लोटला. त्यांचीं साधनें पाहूं गेल्यास सनदा, महजर, वतनाचे कागद आणि नाशिक, त्र्यंबक, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या एवढींच बहुधा आढळतात. ज्यांच्या घरीं सनद नव्हती आणि ज्यांना तीर्थाच्या पाण्यापर्यंत जाऊं दिलें जात नसे, त्यांच्या कुळांचें काय, हा प्रश्न या ग्रंथकारांनीं स्वतःस विचारलेला दिसत नाहीं. महारवतनाचे कागद आहेत खरे. पण त्यांत हक्क दिसतो, माणसें थोडीं. अहमदनगर व जालना या बाजूच्या पुष्कळ महार-मांग घराण्यांतील बायकामुलांचीं नांवें प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या नोंदवह्यांतच प्रथम सांपडतात. म्हणून या दप्तरांचें मोल आपण आजवर केलें त्याहून पुष्कळच अधिक आहे.

तथापि मोल अधिक म्हणजे प्रामाण्य निरपवाद, असें नव्हे. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे, आणि प्रौढाच्या नोंदींतील वय पुष्कळदां अजमासाचें असतें. आमच्या शाळांच्या दाखल्यांत १ जून ही जन्मतारीख किती जणांची असते, हें ज्याला ठाऊक आहे त्याला यांत नवल वाटणार नाहीं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यांतील नमुन्यांत वधूवरांचें वय, धंदा, राहण्याचें ठिकाण आणि दोघांच्या पित्यांचीं नांवें यांस रकाने आहेत. मातेस रकाना नाहीं. मातृकुळाचा शोध त्यामुळें मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींवरून उलट दिशेनें करावा लागतो. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर मिशनांच्या अनाथाश्रमांत आलेल्या मुलांच्या बाबतींत तर वंशावळीचा धागा तेथेंच तुटण्याचा संभव फार.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं मंडळीची वही एकाच पक्षाची साक्ष होय. नारायण शेषाद्रि यांनीं १८४३ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढें जालन्याजवळ बेथेल हें ख्रिस्ती गांव त्यांनींच वसविलें. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडे राहत होता, पण न्यायालयानें त्यास बापाच्या स्वाधीन केलें. मग त्यास जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत मोठा कलह माजला आणि बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुलाची बाजू घेतली. आतां केवळ बाप्तिस्म्याच्या वहीवरून हें कुलवृत्त लिहूं जाणारास थोरला भाऊ सांपडेल, धाकटा सांपडणार नाहीं. कारण त्याचा बाप्तिस्माच झाला नव्हता. त्यासाठीं न्यायालयाचे कागद व तत्कालीन वृत्तपत्रें हींच पाहिलीं पाहिजेत. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पांच वर्षांत त्या घरावर काय गुदरलें तें दोन तारखांवरून कळत नाहीं, ‘स्मृतिचित्रें’ वाचून कळतें. एका नोंदीची दुसऱ्या साधनाशीं रुजवात घातल्यावांचून वंशावळ मांडूं नये, हा नियम सनदांना लावतों तोच येथें लावावा.

दप्तरें कोठें शोधावीं यांतहि घोटाळा पुष्कळ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वीं आमचें इस्लापूर सर्कल अदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यांत होतें. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बीदरकडे होते. मंडळ्यांच्या सीमा मात्र सरकारी सीमांबरोबर हलल्या असें नाहीं. बीदर हें मेथॉडिस्टांचें ठाणें. हा पंथ १९४७ च्या दक्षिणेकडील व १९७० च्या उत्तरेकडील मंडळ्यांच्या एकीकरणांत सामील झाला नाहीं. म्हणून उदगीरच्या कुळाचा माग लातुरास न लागतां बीदरास लागण्याचा संभव अधिक. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचा पत्रव्यवहार हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयांत आहे, आणि १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक हें त्याचें घरचें पूरक. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांतील मुंबई इलाख्याच्या नकलांवर कांहीं हौशी शोधक भिस्त ठेवतात. पण त्यांत मुख्यत्वें यूरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांच्या नोंदी असल्यामुळें देशी ख्रिस्ती कुळांना त्यांचा उपयोग थोडाच.

राहिली एक नाजूक बाब. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरताच होता. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध यांस तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांस नाहीं. यामुळें आजोबांच्या बाप्तिस्म्याची एक ओळ नातवाच्या जातीच्या दाखल्याच्या आड येऊं शकते. पाळक वही दाखविण्यास कां कचरतात आणि घरचीं माणसें कां गप्प बसतात, हें यावरून समजावें; त्यांना अनास्थेचा दोष देणारे आमचे कांहीं संशोधक हें लक्षांत घेत नाहींत. हयात पिढीचीं नांवें व पूर्वजाती छापूं नयेत, आणि नक्कल घेण्यापूर्वीं त्या घराची संमति घ्यावी. उदगीर व जालना येथील मंडळ्यांत कोणत्या सालापासूनच्या वह्या शिल्लक आहेत एवढी साधी यादी जरी कोणी करून मंडळाकडे पाठविली, तरी कामास आरंभ होईल; वाळवीला मात्र संमति लागत नाहीं.