एक्सायटॉनला हायड्रोजन म्हणावे काय?

जुन्नर-आंबेगावच्या शिक्षकांना हायड्रोजनची ओळख करून द्यायला नको. विज्ञानदिनी खोडदची रेडिओ दुर्बीण पाहून आलेल्या विद्यार्थ्यालाही हायड्रोजनची २१ सेंटिमीटर लांबीची लहर ऐकून माहीत असते. एका अतिदूर दीर्घिकेतून निघालेली ही लहर खोडदला ४८ सेंटिमीटर लांबीची होऊन पोचल्याचे २०२३ साली जाहीर झाले. ती किती ताणली गेली हे सांगता आले, कारण निघताना ती २१ सेंटिमीटरचीच होती याची खात्री होती. हायड्रोजनचा अणू कुठेही सारखाच असतो.

म्हणूनच ‘एक्सायटॉन म्हणजे स्फटिकातला छोटासा हायड्रोजन अणू’ हे लोकप्रिय लेखांतले आणि व्याख्यानांतले आवडते वाक्य आम्हाला खटकते. छोटासा तर तो नाहीच. हायड्रोजनपेक्षा तो कितीतरी पटींनी मोठा असतो.

अर्धवाहकावर प्रकाश पडला की एखादा इलेक्ट्रॉन जागा सोडून वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो. त्याची रिकामी जागा धनभारासारखी वागते. या दोघांची आकर्षणाने जमलेली जोडी म्हणजे एक्सायटॉन. यातली रिकामी जागा प्रोटॉनसारखी जड नसते, तीही इलेक्ट्रॉनइतकीच चपळ असते. तेव्हा उपमा द्यायचीच तर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोडीची अधिक शोभते.

तरीही ही उपमा उगाच रूढ झालेली नाही. क्युप्रस ऑक्साइडच्या जाड स्फटिकात एक्सायटॉनच्या ऊर्जापातळ्या हायड्रोजनच्याच नियमाने, म्हणजे क्रमांकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, लागतात. २०१४ साली डॉर्टमुंडच्या संशोधकांनी त्या पंचविसाव्या पातळीपर्यंत मोजल्या. गंमत अशी, की त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात टंगस्टन डायसल्फाइडच्या एकाच थरात हा नियम मोडलेला दिसला. तेथे बंधनऊर्जा सुमारे ०.३२ इलेक्ट्रॉनव्होल्ट होती. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात ती जेमतेम ०.००४ असते. दुसऱ्या पातळीची बंधनऊर्जा पहिलीच्या चौथा हिस्सा असायला हवी. ती बरीच जास्त निघाली.

कारण समजायला अवघड नाही. जाड स्फटिकात दोन भारांमधल्या बलरेषा पदार्थातूनच जातात आणि तो पदार्थ आकर्षण सगळीकडे सारखेच क्षीण करतो. थर एक नॅनोमीटरहूनही पातळ असला, की बलरेषा बाहेर निसटतात. इलेक्ट्रॉन जोडीदारापासून जितका दूर, तितक्या अधिक. म्हणजे आकर्षण किती क्षीण होणार हे अंतरावर ठरते. शिवाय बाहेर काय आहे यावरही ठरते: वर ग्राफीनचा एक थर ठेवला तरी बंधनऊर्जा घटते. शेजारी बदलला की बदलणारा हा कसला हायड्रोजन?

चुंबकीय क्षेत्रात तर उपमा अधिकच तोकडी पडते. एका थरातल्या एक्सायटॉनची रेषा उजव्या आणि डाव्या वर्तुळी ध्रुवित प्रकाशात वेगवेगळ्या ऊर्जेवर दिसते. दर टेस्लामागे हा फरक साधारण ०.२३ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो. फरकाचे चिन्ह महत्त्वाचे आहे, आणि ते ठरते स्फटिकातील इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय गतीवर व फिरकीवर. पुण्याच्या आयसर संस्थेत याच विषयावर काम करणारे आशिष अरोरा जर्मनीतील म्युन्स्टर येथे होते तेव्हा, २०१७ साली, त्यांनी व सहकाऱ्यांनी मॉलिब्डेनम डायटेल्युराइडच्या जाड स्फटिकात एका थरात इलेक्ट्रॉन आणि शेजारच्या थरात रिकामी जागा असलेले एक्सायटॉन दाखवले. ते ओळखू आले ते उलट चिन्हामुळे. हायड्रोजनचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून बसणाऱ्याला या चिन्हाचा अर्थ लागणार नाही, कारण त्या चित्रात थरच नाहीत.

बारावीच्या वर्गात बोरचे सूत्र शिकवून झाल्यावर एक्सायटॉनचा उल्लेख जरूर करावा. मात्र १३.६ हा आकडा फळ्यावर असतानाच विद्यार्थ्यांना विचारावे, की या अणूच्या भोवती काय आहे असे आपण धरले होते?