‘डिलीट’ला पंचमी नाही

जून २०२४मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. इंग्लंडमधल्या एका मध्यमवयीन व्यावसायिकानं शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांशी झालेले मेसेजेस आपल्या आयफोनवरून डिलीट केले. घरात सगळे वापरायचे तो आयमॅक त्याच ॲपल आयडीला जोडलेला होता. तिथे ते मेसेजेस जसेच्या तसे होते आणि ते बायकोला सापडले. घटस्फोट झाला. मग या गृहस्थानं ॲपलविरुद्ध ५० लाख पौंडांहून जास्त रकमेसाठी कोर्टाचा रस्ता धरला.

वाचून हसू येतं, येऊ द्या. पण त्याची तक्रार नेमकी काय होती ते बघा. फोननं मला नुसतं ‘डिलीट झालं’ असं सांगितलं, ‘या फोनवरून डिलीट झालं’ असं सांगितलं असतं तर मला कळलं असतं, असा त्याचा मुद्दा. बायकोला फसवल्याचा हिशोब त्यांचा ते करतील. वाक्याबद्दल मात्र माणूस बरोबर बोलतोय. शाळेत आपण विभक्त्या पाठ केल्या, त्यातली पंचमी आठवते? ‘ऊन, हून.’ घरून, गावाहून. एखादी गोष्ट कुठून निघाली ते सांगणारी. ‘डिलीट’ या बटणावर क्रियापद आहे, कर्म समोर पडद्यावर आहे, कर्ता म्हणजे तुमचा अंगठा. पंचमी तेवढी नाही.

कादंबऱ्यांची, सिनेमांची, वेबसिरीजची समीक्षा आपण वाचतो. दिवसातून शंभर वेळा डोळ्यांखालून जाणाऱ्या बटणांवरच्या मजकुराची समीक्षा कुणी करत नाही, कारण तो मजकूर आहे हेच लक्षात येत नाही. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. बटणांवरचे शब्द कसे ठरतात ते जवळून बघतो: बहुतेकदा सगळ्यात शेवटी, रिलीज तोंडावर आल्यावर, चौकोनात किती अक्षरं मावतात ते बघून. आणि तरी लोक त्या एका शब्दावर विश्वास टाकून आपली गुपितं, भांडणं, प्रेमप्रकरणं आणि मेलेल्या माणसांचे निरोप हाताळतात. तेव्हा त्या शब्दाकडे जरा कडक नजरेनं बघायला हरकत नसावी.

एकाच यंत्रावर डिलीट करणं हेसुद्धा वाटतं तितकं सोपं नसतं. बरीच मेसेजिंग ॲप्स आपला मजकूर एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतात. मॅकवर ती फाइल लायब्ररीतल्या मेसेजेस फोल्डरमध्ये ‘चॅट डॉट डीबी’ नावानं असते. एसक्यूलाइटला एखादी नोंद डिलीट करायला सांगितली, की वेगळं काही सेटिंग नसेल तर तो ती जागा ‘मोकळी’ म्हणून लिहून ठेवतो आणि पुढच्या कामाला लागतो. जुनी अक्षरं तिथेच पडून राहतात, त्यांच्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. दारावरची पाटी काढली, सामान आतच.

खरी गंमत यंत्रं दोन झाल्यावर सुरू होते. फोन तुमच्या हातात आहे, लॅपटॉप बंद होऊन बॅगेत. तुम्ही फोनवरून एक मेसेज काढला. रात्री लॅपटॉप उघडला. आता लॅपटॉपला काय दिसतं? आपल्याकडे एक मेसेज आहे आणि फोनकडे नाही. बिचाऱ्याला वाटतं, फोनला तो मिळालाच नसेल. तो मदत म्हणून परत पाठवून देतो. हे टाळायचं तर मेसेज नुसता काढून चालत नाही. त्याच्या जागी एक चिठ्ठी ठेवावी लागते, की इथे अमुक मेसेज होता आणि तो मुद्दाम काढलाय. आमच्या धंद्यात या चिठ्ठीला टूम्बस्टोन म्हणतात, थडग्यावरचा दगड. काही पुसायचं असेल तर आधी काहीतरी लिहावं लागतं, असा हा प्रकार.

मग प्रश्न येतो, हा दगड किती दिवस ठेवायचा? फेसबुकनं आपल्या इनबॉक्समध्ये शोध घेता यावा म्हणून कॅसँड्रा नावाचा डेटाबेस बनवला आणि २००८मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. त्यात या दगडांची मुदत, वेगळं काही सांगितलं नाही तर, ८,६४,००० सेकंद असते. म्हणजे बरोबर १० दिवस. एखादं यंत्र त्याहून जास्त दिवस बंद राहिलं आणि मग परत आलं, तर तोवर दगड गेलेला असतो आणि मेलेली नोंद उठून बसते. अशा नोंदींना रीतसर ‘झॉम्बी’ म्हणतात. हा आकडा ठरवणाऱ्यांनी दशक्रिया विधी पाहिला असण्याचं कारण नाही, पण दहाव्याला कावळा शिवला नाही तर काय, ही काळजी त्यांनाही पडली होती.

आतलं यंत्र इतक्या अटी-शर्तींवर चाललेलं असताना बाहेरच्या बटणावर मात्र कचऱ्याचा डबा आणि एक शब्द. ॲपलचंच बघा. आयमेसेज आलं २०११मध्ये, मॅकवर ते पुढच्या वर्षी आलं. तेव्हा प्रत्येक यंत्राची प्रत वेगळी होती. फोनवरून काढलेलं मॅकवर राहायचं. मे २०१८मध्ये आयओएस ११.४ बरोबर ‘मेसेजेस इन आयक्लाउड’ आलं. ते चालू केलं की सगळ्या यंत्रांवर एकच संग्रह, एकीकडून काढलं की सगळीकडून गेलं. बोटाची हालचाल तीच, डब्याचं चित्र तेच, अर्थ उलटा. आणि दोन्ही अर्थांपैकी आज तुमच्याकडे कुठला लागू आहे हे ठरतं एका सेटिंगवरून, जे तुम्ही कधीतरी फोन नवा घेतल्यावर ‘ओके, ओके’ करत पार केलेलं असतं.

त्या इंग्लिश गृहस्थाला पहिल्या अर्थानं गाठलं. मला दुसऱ्या अर्थाची जास्त धास्ती वाटते. समजा, तुम्ही नोकरी सोडताय आणि कंपनीचं मॅकबुक परत द्यायचंय. ओटीपी लॅपटॉपवरच दिसावेत म्हणून केव्हातरी त्यात स्वतःच्या ॲपल आयडीनं साइन-इन केलेलं आहे. एचआरचा मेल येतो, वैयक्तिक डेटा काढून टाका. तुम्ही शहाण्यासारखे बसता आणि एकेक संभाषण निवडून डिलीट करत सुटता. बँक, कुरिअर, जुने ग्रुप. त्या यादीत खाली कुठेतरी तीन वर्षांपूर्वी गेलेल्या बाबांचा धागा आहे. ‘पोचलास का?’ ‘जेवलास का?’ ‘फोन कर.’ तुम्हाला वाटतं, ही तर ऑफिसच्या लॅपटॉपवरची प्रत, फोनवर आहेच की. आणि सिंक चालू असेल तर त्याच क्षणी खिशातल्या फोनवरूनही तो धागा निघून जातो.

ॲपल अशा वेळी सगळ्या डिव्हाइसवरून जाईल असा इशारा देतं, हे कबूल. शिवाय २०२२च्या आयओएस १६पासून ‘रीसेंटली डिलीटेड’ आहे, तिथे काढलेलं ३० दिवस तरी राहतं. पण चाळीस संभाषणं काढणारा माणूस चाळिसाव्या इशाऱ्याला काय वाचत असतो ते आपण सगळे जाणतो. आणि गेलेल्या माणसाचे मेसेजेस कुणी दर आठवड्याला उघडत नाही. वाढदिवसाला उघडतो, किंवा एखाद्या वाईट रात्री. ३० दिवस ही मुदत ज्याला लगेच चुकल्यासारखं होतं त्याच्यासाठी ठीक आहे. आठवणींचा हिशोब महिन्यात होत नाही.

इथे काय करायला हवं होतं ते सांगून टाकतो. आधी त्या मॅकवर ‘मेसेजेस इन आयक्लाउड’ बंद करायचं, अकाउंटमधून साइन-आउट व्हायचं, आणि मग तिथलं काय ते साफ करायचं. मजा म्हणजे हे सिंक बंद करताना ॲपल अगदी स्पष्ट विचारतं: फक्त या मॅकवर बंद करू, की सगळ्या यंत्रांवर? म्हणजे पंचमी-सप्तमी सगळं त्यांना येतं. सेटिंगच्या पोटात येतं, रोजच्या बटणावर येत नाही.

व्हॉट्सॲपनं हा प्रश्न निदान अर्धा तरी मान्य केला. ‘डिलीट फॉर मी’ आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ असे दोन वेगळे पर्याय. दुसरा २०१७च्या अखेरीस आला तेव्हा त्याला फक्त ७ मिनिटांची मुदत होती. २०१८मध्ये ती तासाभरावर गेली, ऑगस्ट २०२२मध्ये दोन दिवसांच्या पुढे. आणि मागे राहते ती फिकट ओळ, ‘धिस मेसेज वॉज डिलीटेड’. या ओळीची आपल्याकडे भरपूर टिंगल होते. फॅमिली ग्रुपवर ती दिसली रे दिसली की कुणीतरी काका विचारणारच, ‘काय डिलीट केलंस?’ माझ्या मते मात्र या सगळ्या प्रकारातलं ते सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. इतर ॲप्स टूम्बस्टोन पोटात लपवतात, व्हॉट्सॲप तो वाचणाऱ्यासमोर उभा करतं. तुम्ही मेसेज परत घेऊ शकता, पण पाठवलाच नव्हता असं म्हणू शकत नाही.

‘एव्हरीवन’ या शब्दावर मात्र माझा आक्षेप आहे. तो आश्वासनाच्या थाटात लिहिलाय आणि आत फक्त विनंती आहे, समोरच्याच्या यंत्राला केलेली. ती पोचेल किंवा नाही. डिलीट यशस्वी झालं नाही तर तुम्हाला कळवलं जाणार नाही, असं व्हॉट्सॲपच्या मदतपानावर चक्क लिहिलेलं आहे. आयफोनवाल्याच्या गॅलरीत फोटो उतरला असेल तर तो तिथेच राहू शकतो. अँड्रॉइड ११पासून नोटिफिकेशन हिस्टरी आहे, ती चालू असेल तर गेल्या २४ तासांत आलेलं तिथे वाचता येतं, काढलेलं असलं तरी.

टेलिग्रामनं मार्च २०१९मध्ये दुसरं टोक गाठलं. दोघांच्या संभाषणातला कुठलाही मेसेज, कितीही जुना, तुमचा किंवा समोरच्याचासुद्धा, दोन्हीकडून काढता येतो. मागे खूण राहत नाही. कधीकाळी लिहिलेली वाक्यं वर्षांनंतर संदर्भ तोडून कुणी तुमच्याविरुद्ध वापरू नयेत, अशी त्यामागची संस्थापक पावेल दुरोव यांची भूमिका. ती ऐकायला पटते. मग मी विचार करतो अशा मुलीचा, जिला कुणीतरी महिनाभर घाणेरडे मेसेजेस पाठवतोय. ती हिंमत करून तक्रारीला जाते आणि टेबलापलीकडून प्रश्न येतो, ‘दाखवा.’ ती फोन उघडते, तर धागाच नाही. फिकट ओळसुद्धा नाही. पाठवणाऱ्यानं तिच्या हातातला पुरावा आपल्या घरी बसून काढून नेला.

याच्या नेमकी उलट गरज असणारी बाईही आहे. नवरा रोज फोन तपासतो, आणि तिला मैत्रिणीशी झालेलं बोलणं खुणेशिवाय नाहीसं व्हायला हवंय. तिच्यासाठी ती फिकट ओळ म्हणजे चहाडी. मला दोघी खऱ्या वाटतात, म्हणूनच दोघींना एकच बटण पुरणार नाही असं वाटतं. दुसरीला स्वतःच्या यंत्रावर पूर्ण हक्क द्या, तिथून बिनखुणेचं जाऊ द्या. पहिलीच्या यंत्रावर दुसऱ्या कुणाचा हात पोचत असेल तर खूण राहिलीच पाहिजे. टेलिग्रामनं ‘माझ्याकडून’ आणि ‘तुझ्याकडून’ यातला फरकच पुसला. माझ्या लेखी ते डिझाइन म्हणून कितीही सफाईदार असलं तरी वाईट आहे.

आपल्या भाषेत या कामाला एक शब्द कधीच नव्हता. पाटीवरचं पुसतात, वहीतलं खोडतात, पत्र फाडतात, भांडण मिटवतात. खोडलेलं दिसतं, पुसलेलं दिसत नाही, फाडताना फक्त आपल्या हातातली प्रत जाते. व्हॉट्सॲपचं ‘फॉर एव्हरीवन’ म्हणजे खोडणं. टेलिग्रामचं पुसणं, तेही दुसऱ्याची पाटी. ‘फॉर मी’ म्हणजे फाडणं. फोनची भाषा मराठी केली तर मात्र बहुतेक ठिकाणी दिसतं ‘हटवा’. हिंदी वळणाचा, सरकारी वासाचा शब्द, मला तो आवडत नाही. पण ‘अतिक्रमण हटवा’ मोहिमेत सकाळी हटवलेली हातगाडी संध्याकाळी कुठे असते ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना सिंक समजावून सांगायला हा शब्द वाईट नाही.

जागा नाही ही सबब इंग्रजीत कदाचित चालेल. मराठीत पंचमीचं काम तीन अक्षरांत होतं. ‘या लॅपटॉपवरून काढा’, ‘माझ्या सगळ्या यंत्रांवरून काढा’, ‘त्यांच्याकडूनही काढायची विनंती पाठवा’. तिसरं जरा लांब आहे खरं. ते दोन ओळींत बसवावं लागेल.